नायगांवचा हर्रास

नांदेडहून देगलूरकडे जाणारा रस्ता आज १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जातो. अकोल्याहून निघून वाशीम, हिंगोली, नांदेड अशीं गांवें घेत तो पुढें तेलंगणांत संगारेड्डीपर्यंत पोंचतो. या रस्त्यानें नांदेड सोडलें म्हणजे तासाभराच्या आंतबाहेर नायगांव लागतें. किल्ला पाहावयाचा तर प्रवासी कंधारास जातो, देवीचें दर्शन घ्यावयाचें तर माहूरास जातो, आणि गुरुद्वारा पाहावयाचा तर नांदेडासच थांबतो. नायगांवीं मुद्दाम उतरण्याचें कारण सहसा कोणास पडत नाहीं. तथापि ज्या गांवाच्या नांवापुढें लोक आपण होऊन 'बाजार' हा शब्द जोडतात, तेथील देवघेवीची रीत पाहण्यासारखी असावी, या विचारानें गेल्या हिवाळ्यांत आम्ही तेथें एक दिवस काढला. बरोबर आमचे थोरले पुतणे होते. ते कांहीं वर्षांपासून बेल्जम देशांत नोकरीस असून रजेवर घरीं आले होते.

कृष्णूरची औद्योगिक वसाहत मागें पडली कीं दोहों बाजूंस काळी जमीन पसरते. आम्ही गेलों तेव्हां कापसाची वेंचणी संपत आली होती आणि तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. नायगांवच्या पुढें नरसीचा चौक आहे. तेथून देगलूर, बिलोली व मुखेड यांच्या वाटा फुटतात. नामदेवमहाराजांची म्हणून प्रसिद्ध असलेली नरसी ती ही नव्हे, ती हिंगोली जिल्ह्यांत आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. बाजारांत मराठीच्या जोडीनें तेलुगु बोली कानीं पडते, आणि वृद्ध माणसांच्या तोंडीं कचेरीचे उर्दू शब्द अजून आहेत. याचें कारण उघड आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. पुढें १९५६ च्या नोव्हेंबरांत राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां नांदेड मुंबई राज्याकडे आलें, आणि मुधोळ, भैंसा, बिचकुंदा, जुक्कल हा तेलुगु भाग त्यापासून तुटून आंध्र प्रदेशाकडे गेला. नकाशावरील रेघ अशी एका दिवसांत बदलली. परंतु लोकांचें खाणें, पिणें, बोलणें आणि व्यवहाराची रीत रेघेच्या दोहों बाजूंस पुष्कळशी एकच राहिली.

या सारखेपणाची एक खूण ओढ्यानाल्यांच्या कडेला उभी असलेली दिसते. ती म्हणजे शिंदीचें झाड. दिसण्यांत हें खजुरीचें गरीब भावंड. फळ लहान, गर नांवापुरता. पण याच्या शेंड्याजवळचें खोड तासून तेथें मडकें बांधलें म्हणजे रात्रभरांत त्यांत गोड रस साचतो. पहांटे उतरविलेला हा रस म्हणजे नीरा. ऊन चढूं लागलें कीं तो आपोआप फसफसूं लागतो, त्यास मादकपणा येतो, आणि त्यास शिंदी म्हणतात. ताडापासून ताडी, नारळापासून माडी आणि या झाडापासून शिंदी, असा हा क्रम आहे. दुसरा दिवस उजाडला कीं तीच शिंदी आंबून शिरक्यासारखी होते आणि कोणी तिला विचारीत नाहीं. आमच्या घरीं मद्याचा शिरकाव कधींच नव्हता व नाहीं. तरी जी वस्तु सकाळीं पोराबाळांस देण्यासारखी असते, संध्याकाळीं माणसाची शुद्ध घालविते आणि दुसऱ्या दिवशीं टाकाऊ होते, तिचा व्यापार कसा होत असेल, हें जाणण्याची जिज्ञासा आम्हांस झाली.

बाजाराच्या कडेला एका ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांस आम्ही शिंदीच्या लिलावाविषयीं विचारलें. लिलाव हा शब्द त्यांनीं बाजूस सारला व म्हणाले, "हर्रास म्हणा, गुरुजी. माझे वडील हर्रासाच्या गोष्टी सांगायचे. झाड कुणाच्या का शेतात असंना, रस काढायचा हक्क सरकारचा. सरकार तो हक्क हर्रासात विकायचं. चढी बोली बोलंल तो मक्तेदार. झाडावर चढणारा वेगळा, पिणारा वेगळा, आन् पैसा तिसऱ्याचाच."

हर्रास हा शब्द मराठवाड्यांत लिलावासाठीं अजूनहि वापरतात; उर्दूंतील 'हर्राज' याचेंच तें रूप होय. वृद्ध गृहस्थांनीं सांगितलेली रीतहि खरी आहे. निजामाच्या राज्यांत जमीनमहसुलाखेरीज जीं मोठीं उत्पन्नें होतीं, त्यांत अबकारीची गणना होई. शिंदी सांठवितां येत नाहीं, म्हणून शिंदीचा लिलाव होऊं शकत नाहीं. लिलाव होई तो ती काढण्याचा व विकण्याचा हक्क कोणास द्यावयाचा याचा. बोली चढली तर सरकारचा खजिना भरे. मक्तेदार आपली रक्कम नफ्यासह गिऱ्हाइकाकडून वसूल करी. आणि दोर कमरेला बांधून झाडावर चढणाऱ्याच्या हातीं मजुरीच तेवढी येई.

या व्यवस्थेवर एकदां कुऱ्हाड खरोखरच पडली. १९४७ सालीं स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन करण्यासाठीं लढा आरंभिला. ७ ऑगस्ट हा दिवस त्यासाठीं पाळण्यांत आला. त्या लढ्यांत मराठवाड्याच्या गांवोगांवीं सत्याग्रहींनीं शिंदीचीं झाडें तोडलीं आणि करोडगिरीचीं नाकीं उद्ध्वस्त केलीं. झाडाशीं त्यांचें वैर नव्हतें. खजिन्याची एक नाडी कोठें आहे हें त्यांस ठाऊक होतें, आणि तीवर त्यांनीं घाव घातला. या गोष्टीचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत एका ओळीनें संपतो. परंतु नायगांवच्या परिसरांत शिंदीचें झाड समोर ठेवून ती आठवली म्हणजे तिचा अर्थ लागतो.

आम्ही ही हकीकत सांगत असतां आमचे पुतणे जरा गप्प झाले. मग म्हणाले, "काका, आमच्याकडेहि याच जातीचा धंदा चालतो. माझे दोघे मित्र त्यांत आहेत, आणि मलाहि त्यांनीं भागीदारीस बोलाविलें आहे. फरक इतकाच, कीं तेथें बाटलीचाच हर्रास होतो."

त्यांनीं सांगितलेली गोष्ट अशी. बेल्जमच्या पश्चिम भागांत वेस्टव्लेटेरन नांवाचें खेडें आहे. तेथें सेंट सिक्स्टस नांवाचा ख्रिस्ती साधूंचा मठ असून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून हे साधु जवाची सुरा, म्हणजे बिअर, स्वतः तयार करतात. मठाचा खर्च निघेल तेवढेंच करावयाचें, अधिक नाहीं, असा त्यांचा नेम. २००५ सालीं इंटरनेटवरील रसिकांच्या एका मतदानांत त्यांची बिअर जगांत पहिली ठरली, आणि मठाच्या दाराशीं मोटारींची रीघ लागली. साधूंनीं उत्पादन वाढविलें नाहीं. फोनवर आधीं नांव नोंदवावयाचें, मोटारीचा क्रमांक सांगावयाचा, ठरल्या दिवशीं ठरावीक पेट्या न्यावयाच्या, आणि त्या पुन्हां विकावयाच्या नाहींत, अशी अट त्यांनीं घातली.

बिअर शिंदीसारखी नव्हे. बाटलींत भरलेली अशी जाड बिअर वर्षानुवर्षें टिकते, किंबहुना जुनी झाल्यावर शौकिनांस अधिक आवडते. त्यामुळें हक्काऐवजीं बाटलीवरच बोली लागते. २०१८ सालीं नेदरलंड्समधील एका दुकानसांखळीनें मठाची संमति न घेतां या बाटल्या मिळवून प्रत्येकी दहा युरोंच्या आसपास किंमतीनें विकल्या. मठाच्या दाराशीं त्याच बाटलीस दोन युरोहि पडत नव्हते. साधूंनीं जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि २०१९ पासून नांवनोंदणी इंटरनेटवर नेऊन गिऱ्हाइकांची ओळख अधिक नीट ठेवण्याची व्यवस्था केली.

अमेरिकेंतहि हेंच घडलें. लहान लहान कारखान्यांत थोड्या प्रमाणांत तयार होणारी बिअर तेथें 'क्राफ्ट बिअर' म्हणून प्रसिद्ध आहे. पहांटेपासून रांगेंत उभें राहून ती घ्यावयाची आणि घरीं जाऊन इंटरनेटवरील लिलावांत घालावयाची, असा उद्योग पुष्कळांनीं केला. मद्यविक्रीस परवाना लागतो. म्हणून विकणारे असें लिहीत, कीं आम्ही संग्राह्य बाटली विकीत आहों, आंतील द्रव पिण्यासाठीं नाहीं! अखेर २०१२ सालीं ईबे या मोठ्या लिलाव-कंपनीनें असल्या बाटल्यांची विक्री बंद केली. २०१४ च्या आरंभीं व्हर्मांट राज्यांत 'हेडी टॉपर' नांवाच्या बिअरच्या पांच पेट्या ८२५ डॉलरांस विकण्याचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीवर खटला झाला. कारण परवाना नव्हता.

"पण काका," पुतणे म्हणाले, "यांत कोणाचें वाईट होतें? घेणारा राजीखुशीनें पैसे देतो."

हा प्रश्न आम्हीं हंसून टाळला नाहीं, कारण तो आज पुष्कळ घरांतून विचारला जातो. बिअरच्या जागीं दुर्मिळ घड्याळें, पायताणें, नाटकाचीं वा क्रिकेटचीं तिकिटें घातलीं तरी प्रश्न तोच राहतो. त्याचें उत्तर आम्हांस नायगांवच्या परिसरांतच सांपडलें. शेतकरी आपला कापूस वा सोयाबीन आडतीवर आणतो, तेथेंहि बोली लागते. पण चढलेला भाव माल पिकविणाऱ्याच्या पदरांत पडतो. शिंदीच्या मक्त्यांत चढलेल्या बोलीचा पैसा झाडावर चढणाऱ्यास मिळत नव्हता. बाटलीच्या पुनर्विक्रींत चढलेल्या भावांतील एक पैहि ती तयार करणाऱ्या साधूंस मिळत नाहीं. उलट आपल्याच दाराशीं आलेल्या साध्या गिऱ्हाइकास रिकाम्या हातानें परत पाठविण्याची पाळी त्यांजवर येते. बोली लागणें वाईट नाहीं. तिची वाढ कोणाच्या पदरीं जाते आणि तिचा भार कोणावर पडतो, हें पाहिलें म्हणजे व्यवहार पारखला जातो.

भार कोणावर पडतो, याचें भयंकर उदाहरण सीमेपलीकडेच आहे. शिंदीताडीचा रस थोडा आणि गिऱ्हाईक फार, अशी स्थिति झाली कीं पाण्यांत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलम यांसारखीं गुंगीचीं औषधें मिसळून ती ताडी म्हणून विकली जाते. २०१५ च्या शरदांत तेलंगण सरकारनें या भेसळीवर कडक इलाज केला, तेव्हां निजामाबाद वगैरे जिल्ह्यांत रोजची गुंगी एकाएकीं तुटल्यानें माणसें भ्रमिष्टासारखीं होऊन दवाखान्यांत दाखल झालीं. आपण ताडी पितों असें समजून तीं वर्षानुवर्षें औषधाच्या आहारीं गेलीं होतीं. २०२५ च्या जुलैंत हैदराबादेच्या कुकटपल्ली भागांत भेसळीच्या ताडीनें कित्येक माणसें दगावलीं. हीं बहुतेक हातावर पोट असलेलीं माणसें. युरोपांतील शौकीन कांहीं युरो अधिक देतो आणि विसरतो. येथील मजूर टंचाईची किंमत आपल्या देहानें चुकवितो.

महाराष्ट्रांत ताडीच्या दुकानांचे परवाने लिलावानें देण्याची चाल पुढेंहि चालू राहिली, आणि अलीकडे कांहीं जिल्ह्यांत हे लिलाव इंटरनेटवरून घेण्यांत आले. हर्रासाचें ठिकाण कचेरीच्या आवारांतून संगणकाच्या पडद्यावर गेलें, एवढाच बदल. झाडावर चढणाऱ्याचें नांव त्या पडद्यावर कोठें असतें काय, हा विचार आमच्या मनांत येऊन गेला.

व्यवहाराची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. आपल्या राज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजहि अमलांत आहे, आणि परवान्यावांचून मद्य विकणें हा त्याअन्वयें गुन्हा आहे. परदेशांतून हौसेनें आणलेली बाटली एखाद्या ओळखीच्यास चढ्या किंमतीनें देणें ही गंमत नव्हे, हें रजेवर येणाऱ्या तरुणांनीं व त्यांच्या वडीलधाऱ्यांनींहि लक्षांत ठेवावें.

परततांना सूर्य मावळतीस आला होता. आमचे पुतणे मोटार हांकीत होते. मित्रांस काय कळवावयाचें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हींहि विचारलें नाहीं; मिळवत्या मुलाचा निर्णय त्यानेंच करावा, अशी आमच्या घरची रीत आहे. मात्र कृष्णूर ओलांडल्यावर त्यांनीं एक प्रश्न केला, "काका, त्या झाडावर चढणाऱ्यांस तेव्हां रोज काय मिळत असेल हो?" आंकडा आम्हांस ठाऊक नव्हता. पण त्यांनीं प्रथम त्याचा हिशेब विचारला, याचें आम्हांस समाधान वाटलें.