पोस्टोयनाच्या गुहेतील एक थेंब
आज स्लोव्हेनियातील पोस्टोयनाच्या गुहेत, जिथे प्रवाशांसाठी १८७२ सालीच रूळ पडले होते, चिमुकल्या आगगाडीतून उतरलो, आणि बाहेर ऐन उन्हाळा असूनही आतल्या दहा अंशांच्या गारव्यात शाल लपेटून घेतली. पिवका नदीने चुनखडीचा डोंगर पोखरून काढलेल्या सुमारे २४ किलोमीटरांच्या या भुयारांत, एका लवणस्तंभाच्या टोकाशी लोंबणारा थेंब मी कितीतरी वेळ न्याहाळीत होतो. पावसाचे जे पाणी मातीतील कर्बवायू शोषून किंचित आम्ल होते आणि खडक विरघळवीत खाली झिरपते, तेच येथे तो वायू सोडून देताना चुन्याचा सूक्ष्म थर मागे ठेवते. आणि असे असंख्य थर साचून स्तंभ जेमतेम बोटभर वाढतो, तोवर वर माणसांच्या कित्येक पिढ्या होऊन गेलेल्या असतात. वेरूळला छिन्नीने डोंगर कोरणाऱ्या हातांपुढे मी नतमस्तक झालो होतो. येथे मात्र ज्या कामाला कोणा राजाची सनद नव्हती आणि ज्याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही, ते काम पाणी आजही त्याच निष्ठेने करीत आहे. थेंब अखेर सुटला. त्याचा नाद काळोखात विरेपर्यंत मी श्वास रोखून उभा होतो.