गोड्या पाण्याची विहीर

रत्नागिरीच्या थिबा पॉइंटवर संध्याकाळी येऊन बसणाऱ्या वृद्धांपैकी आम्हीही दोघे. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र, आणि जवळच ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा. थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. तीस वर्षे त्याने हा समुद्र पाहिला, पण तो ओलांडून जाण्याची त्याला मुभा नव्हती. एका संध्याकाळी सौ. म्हणाली, "अहो, त्या बिचाऱ्याला मनाई होती. आपल्याला कुणी अडवलंय?"

प्रश्न बिनतोड होता. माझे वय शहात्तर, तिचे सत्तर. माझी बायपास शस्त्रक्रिया होऊन नऊ वर्षे झाली. हृदय काम करते, पण जपून. आम्ही ठरवले की गाडी भाड्याने करायची नाही आणि मोठ्या बॅगाही घ्यायच्या नाहीत. नातवाच्या दोन जुन्या सॅक पाठीला लावायच्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण, वेंगुर्ला करत गोव्यापर्यंत जायचे. नातू याला बॅकपॅकिंग म्हणतो. आम्हाला ती पूर्वीची पडशी घेऊन केलेली यात्राच वाटली.

खर्चाची चिंता फारशी नव्हती. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. राहायला घरगुती खोल्या, जेवायला खाणावळी. डॉक्टरांनी अनुमती दिली ती अटींवर: पाठीवर चार किलोंहून अधिक ओझे नको, एका दिवशी चार तासांहून अधिक प्रवास नको, औषधे हाताशी असावीत आणि पाणी दिवसाला दीड लिटरच. माझ्या हृदयाच्या स्थितीमुळे शरीरात पाणी साठते, म्हणून ही मर्यादा. सौ.ने माझ्या बाटलीवर चिकटपट्टीने खुणा केल्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. मुलाचा दिवसातून दोनदा फोन येई, आणि दर वेळी एकच प्रश्न, "बाबांची तब्येत कशी आहे?" आईच्या तब्येतीची चौकशी त्यानेही केली नाही आणि मीही केली नाही.

पहिला मुक्काम कणकवलीस झाला, दुसरा मालवणास. जानेवारीचे दिवस; सकाळी हवेत सुखद गारवा, दुपारी मात्र दमट उकाडा. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेटीवरून होडीत बसून सिंधुदुर्गास गेलो. कुरटे बेटावरचा हा किल्ला बांधण्यास शिवाजी महाराजांनी १६६४ साली प्रारंभ केला. चारी बाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्या पाण्याच्या बळावर येथे माणसे राहू शकली, आणि काही कुटुंबे आजही किल्ल्यात राहतात.

साखरबावेपाशी वाकून मी आत पाहत होतो. वळलो तेव्हा सौ. तटाला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक पडलेला, ओठ कोरडे. "काही नाही, जरा गरगरलं," एवढे बोलून ती खालीच बसली. किल्ल्यात राहणारी एक बाई धावत आली. तिने सौ.ला सावलीत आडवे केले, पाय उंच ठेवले आणि ती सावरल्यावर साखर व चिमूटभर मीठ घातलेले पाणी घोटाघोटाने पाजले. थोड्या वेळाने रंग परतला. ती आवरायला मी सौ.ची सॅक उघडली. तिची पाण्याची बाटली सकाळी भरली होती तशीच, काठोकाठ होती.

मालवणातील एका डॉक्टरांनी रक्तदाब तपासला. झोपून मोजला तेव्हा बरा होता, उभे करून मोजला तेव्हा उतरला. सौ.च्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. गोळी पाणी बाहेर टाकत होती आणि ती आत पाणी घेत नव्हती. त्यातच वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. "तहान लागली नव्हती" हे वृद्धांचे उत्तर म्हणूनच फसवे असते, असे डॉक्टर म्हणाले.

पण सौ.ची गोष्ट तहान न लागण्याची नव्हती. त्या रात्री खोलीत दिवा मालवल्यावर ती बोलू लागली. ती एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. एसटीने जायचे, एसटीने यायचे, आणि कित्येक वर्षे शाळेत शिक्षिकांसाठी नीट स्वच्छतागृहच नव्हते. सकाळी चहाचा अर्धा कप, मग घरी येईपर्यंत थेंबही नाही, ही सवय तेव्हा लागली. पुढे आणखी एक अडचण उद्भवली. खोकला आला, शिंक आली, घाईने उठावे लागले की लघवीवर ताबा राहत नाही. गेली सात-आठ वर्षे हे चालू होते. माझ्या आजारपणात तिने माझ्या प्रत्येक डॉक्टरांना प्रत्येक बारीक गोष्ट सांगितली. स्वतःची ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. "प्रवासात फजिती नको, म्हणून पीत नाही मी," ती म्हणाली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. मला काय बोलावे सुचेना. मी उठून तिला पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले. पाणी तोडल्याने ही अडचण कमी होत नाही. लघवी दाट झाली की मूत्राशय अधिकच चुरचुरते आणि संसर्गाचा धोका वाढतो. बाळंतपणे आणि पाळी जाणे यांनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात; ते आवळून धरण्या-सोडण्याचा व्यायाम नियमाने काही महिने केला तर अनेक स्त्रियांना चांगला उपयोग होतो. न झाल्यास इतर उपचार आहेत. गोळीची वेळ व मात्रा मात्र आपल्या मनाने बदलायची नाही. त्यांनी रत्नागिरीच्या आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ती ठरवली.

मुलगा परत या म्हणाला. निर्णय मी सौ.वर सोपवला. तिने दोन दिवस विश्रांती घेतली, उकड्या तांदळाची पेज खाल्ली आणि सॅक पुन्हा पाठीला लावली. प्रवासाची रीत मात्र बदलली. उतरल्याबरोबर आधी स्वच्छतागृह कोठे आहे ते मी पाहून येई. ते काम माझे झाले. टप्पे दोन तासांचे केले. तिच्या सॅकमध्ये जादा कपडे आणि पॅड आले, आणि त्यासाठी माझी दोन पुस्तके घरी पार्सल झाली. तिच्या बाटलीवरही चिकटपट्टीच्या खुणा आल्या. माझ्या बाटलीवरच्या खुणा 'एवढेच' सांगत, तिच्या बाटलीवरच्या 'एवढे तरी'.

वेंगुर्ल्याहून आम्ही पणजीस गेलो, आणि एका सकाळी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर. पायी चढणाऱ्याला तेथे भाडे पडत नाही. मांडवीचे पाणी संथ होते. बोट सुटण्याआधी सौ.ने विचारले, "पलीकडे सोय आहे ना?" आदल्या दिवशीच चौकशी करून ठेवली होती, म्हणून मला हो म्हणता आले. तिने बाटली काढली आणि दुपारच्या खुणेपर्यंत पाणी प्याली.

आता आम्ही परत रत्नागिरीस आहोत. सौ. रोज सकाळ-संध्याकाळ तो व्यायाम करते. तीन महिन्यांत बराच फरक आहे, पूर्ण नाही. या पाक्षिकाच्या वाचकांत माझ्यासारखे, ज्यांची काळजी घेतली जाते असे अनेकजण असतील. त्यांना एवढेच विनवावेसे वाटते: आपल्या औषधांचा डबा भरणाऱ्या माणसाने आज पाणी किती प्याले, हे एकदा विचारावे. उत्तर "प्यायले की" असे आले, तर बाटली उचलून पाहावी.