भाच्याचं गणित आणि तिथीचं वेळापत्रक

आज पिकाची नोंद नाही, भाच्याच्या गणिताची आहे. पण शेवटी चिखलात उतरणारच आहे, थोडा धीर धरा.

ताई खारदांड्याला दिलेली. घरची मासेमारी, दाजींची डोल आहे. भाचा नववीला गणितात अडकला, शाळा सोडली आणि होडीवर जायला लागला. वर्ष असंच गेलं. मग ताईचा फोन, "भाऊ, तू कॉलेज केलंयस, याची दहावी तेवढी करून घे." मुक्त विद्यालयाच्या राष्ट्रीय संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. मराठी माध्यम आहे. ५ वर्षांत ९ वेळा बसता येतं आणि सुटलेला विषय परत द्यावा लागत नाही. नाव घातलं.

मी ऐटीत वेळापत्रक केलं. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ७ ते ८, व्हिडिओ कॉलवर. महिन्याचे २२ तास. झाले ७. एकदा तर पोरगं फोन हातात धरूनच झोपलं. मी चिडलो, "तुला शिकायचंच नाहीये!" तो शांतपणे म्हणाला, "मामा, उधाण आहे. लावणीच्या दिवसांत तुम्ही शिकवायला बसाल का?"

मी गप्प.

डोल पाण्याच्या ओढीवर चालते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, तेव्हा झोपेचा पत्ता नसतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी ढिलं, माणसं जरा निवांत. म्हणून वार सोडले आणि तिथी धरली. दोन्ही पक्षांत पंचमी ते दशमी रोज दीड तास नवीन धडा. बाकी दिवस नवीन काही नाही, जमेल तेव्हा पाच उदाहरणं. कागदावर १८ तासच भरतात, पण भरतात.

गंमत पुढे आहे. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब दाजींना तोंडपाठ: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. आपल्या आज्यांनी घोकलेली पाऊणकी ती हीच! भाच्याला म्हटलं, आडवी तिथी घे, उभी वेळ घे, ठिपके मांड. सरळ रेषा आली. दोन चलांतलं रेषीय समीकरण, ज्याच्या नावानं त्याला घाम फुटायचा, ते त्याच्या बापाच्या तोंडात होतं. रोज ४५ मिनिटांची भर म्हणजे अंकगणिती श्रेढी, तेही त्यातच आलं. मग तो स्वतःच छापील भरतीच्या वेळा घेऊन बसला आणि म्हणाला, "मामा, ठिपके रेषेवर बसत नाहीत, भांगात जास्त सुटतात." शाळेत नापास झालेला पोरगा हे सांगत होता.

आता चिखल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तो मोकळा. आणि नेमकी माझी तेव्हा पेरणी, राब, लावणी. शेवटी त्याला केळव्यालाच आणला. सकाळी शेत, दुपारी वही. चारसूत्रीची नियंत्रित लावणी करताना विचारलं, एका आरला ब्रिकेट किती लागतील? अंतर १५-२५ बाय १५-२५ सेंटिमीटर. त्यानं बांधावर बसून काढलं: ४० बाय ४० सेंटिमीटरच्या चौकोनात चार चूड आणि एक ब्रिकेट. म्हणजे ०.१६ चौरस मीटरला एक, १०० चौरस मीटरला ६२५. एक गोळी २.७ ग्रॅमची, म्हणजे १ किलो ६८७ ग्रॅम. शिफारस आरला साधारण १.७ किलोची आहे. मी इतकी वर्षं तो आकडा नुसता पाठ सांगत होतो, कुठून येतो ते कधी मांडून बघितलं नव्हतं. कृषी सहायक मित्रांनो, तुम्ही बघितलंय का?

त्रिकोणमिती मात्र अजून कच्ची आहे. नारळाची उंची सावलीवरून काढायला लावली, तर म्हणाला, "चढून मोजतो की." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. गणिताच्या पेपरची तारीख आली की आधी पंचांग उघडणार आहे. उधाणात आली तर दाजी एक खलाशी जास्त घेणार म्हणालेत. रोज कोण देणार, यावर ताईचं आणि त्यांचं अजून चालू आहे.