काकांची गाडी आणि आमची घाई

आमच्या काकांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने अधू झाला. कंधारात राहणाऱ्या अशा माणसाला त्या काळी घराबाहेर पडावयाचे तर कुणाचा तरी खांदा धरावा लागे. पुढे नोकरीनिमित्त ते कुवेतला गेले आणि क्लचवाचूनही मोटार चालते, हे त्यांना तेथे प्रथम समजले. 1987 साली परतताना त्यांनी एक वापरलेली मर्सिडीज बरोबर आणली. 1976 ते 1986 या काळात जवळजवळ सत्तावीस लाख निघाल्या, त्या मालिकेतील ही एक. आपल्याकडच्या अँबॅसॅडर आणि पद्मिनीला क्लच दाबल्याखेरीज गत्यंतर नव्हते; हिला मात्र एक उजवा पाय पुरे होता. सायंकाळी कुणाचीही मदत न घेता जगत्तुंग समुद्राकडे जावे, पाणी पाहत घटकाभर बसावे आणि परत यावे, हा काकांचा तीस वर्षांचा नेम होऊन बसला.

2019 च्या मार्चमध्ये या नेमात विघ्न आले. गाडी सुरू करून गिअरचा दांडा पुढे जाण्याच्या खुणेवर आणला, तरी ती जागची हलेना. आम्ही मनातल्या मनात आकडे मोजू लागलो. सहापर्यंत पोहोचलो की गचका बसून गाडी निघे. एके दिवशी काकांचा धीर सुटला आणि त्या सहा आकड्यांच्या मध्येच त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडले, गिअर एकाएकी पकडला आणि गाडी उसळून अंगणातल्या हौदावर आदळली. शेजारचे लेकरू क्षणापूर्वीच तेथून उठून गेले होते. त्या रात्री आम्ही किल्ली कपाटात ठेवली. काका रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, “पोरांनो, किल्ली ठेवून घ्या. पण दोष गाडीचा की माझा, तेवढे शोधून सांगा.”

आम्ही गाडी शहरातल्या एका गॅरेजात नेली. तेथील मिस्त्रींनी पाच मिनिटांत निकाल दिला, की गिअरबॉक्स संपला आहे. तो काढून साधा, क्लचचा गिअरबॉक्स बसवून देतो. त्यांच्या दृष्टीने सल्ला व्यवहाराचा होता. आमच्या दृष्टीने तो काकांचा उजवा पायही काढून घेण्यासारखा होता. आम्ही गाडी परत आणली आणि काकांनी इतकी वर्षे जपून ठेवलेले गाडीचे पुस्तक उघडले.

या गाड्यांत क्लचचे काम तेल करते. हेरमान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली ही युक्ती जहाजांसाठी शोधली होती. तेलाने भरलेल्या बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिन एक पंखा फिरवते, त्याने ढवळलेले तेल दुसऱ्याला फिरवते. इंजिनवरच चालणारा एक पंप याच तेलाला दाब देतो, आणि त्या दाबाने आतल्या चकत्या एकमेकींवर आवळल्या गेल्या म्हणजे गिअर पडतो. दाब उशिरा तयार झाला, की गिअरही उशिरा पडणार. तेव्हा प्रश्न एवढाच, की उशीर कुठे होतो?

पहिला संशय तेल कमी असल्याचा. तेल तर आम्ही आधीच पाहिले होते, आणि मोजपट्टीवर ते पुरेसे दिसले होते. पुस्तक वाचल्यावर आमची चूक आमच्या ध्यानी आली. आम्ही इंजिन बंद ठेवून, उताराच्या अंगणात पट्टी पाहिली होती. इंजिन थांबले की वरचे तेल खालच्या तबकात उतरते आणि पातळी आहे त्याहून जास्त दिसते. मोजावयाचे ते सपाट जागी, गाडी तापल्यावर, दांडा ‘पार्क’वर आणि इंजिन चालू ठेवून. आम्ही गाडी शाळेच्या मैदानावर नेली आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने पट्टी पुसून पुन्हा पाहिले. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. रंग मात्र लालच होता आणि जळका वास नव्हता. म्हणजे चकत्या अजून जळल्या नव्हत्या.

गिअरबॉक्स तेल जाळत नाही; ते कमी झाले तर कुठूनतरी गळतेच. तबकाचा जुना जोड ओलसर होता. तो बदलला, आतली गाळणीही बदलली. या गाडीत आणखी एक छुपी वाट असते: एक पातळ पडदा फाटला, तर तेल हवेच्या नळीतून इंजिनात ओढले जाते. ती नळी काढून पाहिली, कोरडी निघाली. मग थोडे थोडे करून तेल भरले, कारण जास्त झाले तर ते फेसाळते आणि दाब पुन्हा पडतो.

तापलेली गाडी आता लगेच गिअर घेऊ लागली. सकाळी पहिल्या वेळी मात्र चारपर्यंत मोजावे लागेच. याची दोन कारणे संभवत होती. एक, वयोमानाने रबरी सीले कडक झाली असावीत. ती तापल्यावर मऊ होतात आणि दाब धरतात. तसे असते तर गिअरबॉक्स खोलणे भाग होते. दुसरे, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पंख्यांच्या डब्यातले तेल खाली उतरत असावे, आणि तो डबा भरेपर्यंत गिअर थांबत असावा. लक्षण एकच, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इंजिन सुरू केले, दांड्याला हात न लावता दोन मिनिटे थांबलो आणि मग गिअर टाकला. तेल अजून थंडच होते, तरी गाडी तत्काळ निघाली. सीले शाबूत होती. डबा भरावयास तेवढा अवधी हवा होता.

किल्ली काकांच्या हाती परत देताना आम्ही दोनच अटी घातल्या: सुरू केल्यावर दोन मिनिटे थांबावयाचे, आणि गिअर पडेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावावयाचा नाही. त्या दोन मिनिटांत काका चष्मा पुसत. काका त्या दिवशी अधीर झाले हे खरे. पण इंजिन बंद ठेवून तेल मोजणारे आणि एका रात्रीत किल्ली काढून घेणारे आम्ही तरी कोठे थांबलो होतो?

पुढे चार वर्षे काका तलावाकडे जात राहिले. 2023 मध्ये एका संध्याकाळी त्यांनी आपण होऊन किल्ली आमच्यापुढे ठेवली. म्हणाले, “गाडी ठीक आहे. या वेळी डोळे कमी पडतात.”

आता त्यांना तलावाकडे आम्ही नेतो. गाडी तीच, आणि दोन मिनिटे थांबणेही तेच.