मागच्या रांगेतला ट्रॉम्बोन

पाश्चात्य ऑर्केस्ट्रातला ट्रॉम्बोनवाला म्हणजे आपल्या टीममधला प्रॉडक्शन सपोर्टवाला. मागच्या रांगेत बसायचं, ऐनवेळी उठून दणका द्यायचा आणि परत गप्प. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीत (१८०८) तर बिचाऱ्यांना पहिले तीन भाग नुसतं बसून काढावे लागतात. चौथा सुरू झाला की मग काम!

अशा माणसाला पुढे बोलावून "आता अर्धा तास तू बोल, आम्ही साथ करतो" म्हटलं तर?

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने हेच केलं. त्यांचा मुख्य ट्रॉम्बोनवादक जोसेफ अलेस्सी, त्याच्यासाठी क्रिस्टोफर राउस या अमेरिकन संगीतकाराकडून त्यांनी एक कॉन्चेर्टो लिहून घेतला. लिहून झाला १९९१ मध्ये. ३० डिसेंबर १९९२ ला लेनर्ड स्लॅटकिनने तो पहिल्यांदा कंडक्ट केला आणि १९९३ चं संगीताचं पुलित्झर राउसला मिळालं.

आता कॉन्चेर्टो म्हटलं की आपली अपेक्षा काय? एकटा वादक तयारी दाखवणार, शेवटी द्रुत लय आणि टाळ्या. इथे रचनाच उलटी आहे. संथ, जलद, संथ. ट्रॉम्बोन सुरू होतो तोच एकदम खर्जात, की सूर आहे की खोलीतला पंखा घरघरतोय ते कळू नये. मधला भाग मात्र धिंगाणा आहे. तिथे अलेस्सीची जीभ आणि हात काय पळतात, ते ऐकाच.

ट्रॉम्बोनला सतारीसारखे पडदे नाहीत, ट्रम्पेटसारखी बटणंही (सहसा) नाहीत. एक नळी पुढेमागे सरकवायची, तिच्या ढोबळ सात जागा, बाकी सगळं कान आणि ओठ. म्हणजे मींड या वाद्याच्या अंगातच आहे. लोक तिचा उपयोग बहुतेक वेळा विनोदाला करतात, कार्टूनमध्ये कोणी घसरून पडलं की हमखास ट्रॉम्बोन. पण तोच घसरणारा सूर हळू आणि खाली आला की बाप्याने रडू दाबावं तसा वाटतो.

आणि राउसला तेच हवं होतं. लेनर्ड बर्नस्टाइन १४ ऑक्टोबर १९९० ला गेला. १९५८ ते १९६९ याच ऑर्केस्ट्राचा तो संगीत दिग्दर्शक होता. हा कॉन्चेर्टो त्याच्या स्मृतीसाठी आहे, आणि शेवटच्या भागात बर्नस्टाइनच्याच तिसऱ्या सिंफनीतली एक धून येते. त्या सिंफनीचं नाव 'कॅडिश'. ज्यू लोक आपलं माणूस गेल्यावर म्हणतात ती प्रार्थना. गंमत (गंमत कसली म्हणा) म्हणजे त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखच नाही, सगळी देवाची स्तुती.

मागच्या वर्षी बाबा गेले. तेरावं झालं, चौदाव्या दिवशी मी स्टेटस कॉलवर होतो. लोक चांगले होते, "टेक केअर" म्हणाले, आणि मग तिकिटं. घरी आई होती, तिच्यासमोर मी खंबीर. दोनेक महिन्यांनी एका रात्री बिल्ड चालू असताना यूट्यूबने हा कॉन्चेर्टो आपणहून पुढे ढकलला. तिसऱ्या भागात मी हेडफोन काढले नाहीत, एवढंच सांगतो. बाबांना हे संगीत अजिबात आवडलं नसतं. "काय रे हे, म्हैस हंबरतेय?" असं नक्की म्हणाले असते.

असो. त्या धुनेची कथा आणखी मागे जाते. बर्नस्टाइनने 'कॅडिश' १९६३ मध्ये पूर्ण केली आणि त्याच नोव्हेंबरात मारल्या गेलेल्या केनेडींच्या स्मृतीला अर्पण केली. म्हणजे एकासाठी केलेल्या शोकातून सत्तावीस वर्षांनी दुसऱ्याने सूर उचलला, ज्याने तो केला त्याच्याचसाठी. राउस स्वतः २०१९ मध्ये गेला.

अलेस्सीने मरिन अल्सॉप आणि कोलोरॅडो सिंफनीबरोबर हा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केलाय, तो मिळवा. लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र लावू नका, सुरुवातीचा खर्ज ऐकूच येत नाही.