काळा रंग सापडला!

काळा! खरा, दाट, तळ न लागणारा काळा! नाशिकला पंचवटीत ताईकडे गेलो होतो आणि तिथं टीव्हीच्या पडद्यावर पहिल्यांदाच हा रंग पाहिला. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

दाजींनी हॉलमध्ये नवा ५५ इंची ओएलईडी घेतलाय. भाच्याच्या खोलीत एलईडी आहे. आणि माळ्यावर, अजून ठणठणीत, २१ इंची पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही! एकाच घरात तीन पिढ्या. मग काय, जुना धनी खाली उतरवला, डीव्हीडी प्लेअरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी खोचल्या, दिवे मालवले आणि एकच चित्रपट आळीपाळीनं तिन्हींवर लावला.

नाशकात बसून लावायचा तर दादासाहेब फाळक्यांचाच! ‘कालिया मर्दन’, १९१९ चा मूकपट, इथल्याच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. कृष्ण झालीय फाळक्यांची चिमुरडी लेक मंदाकिनी. सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव दाखवते. पडदा पारखायला याहून चांगलं काय हवं?

आधी जुना टीव्ही. अहो, चित्र काचेच्या कडेपासून कडेपर्यंत भरलं! मूकपटाची चौकट ४:३ आणि या टीव्हीचा पडदाही ४:३. जणू एकमेकांसाठीच बनलेले. ६२५ रेषांचं ते चित्र, त्यातल्या डोळ्यांना दिसतात जेमतेम ५७६, तरी मंदाकिनीचे गाल किती मऊ, किती जिवंत! आणि हालचाल? कृष्ण नागाशी झुंजतो तेव्हा एकही हात फरफटत नाही. ट्यूबच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचे झोत काचेवरच्या फॉस्फरवर रेघा ओढत जातात. प्रत्येक ठिपका क्षणभर पेटतो आणि काही मिलिसेकंदांत मंदावतो. प्रोजेक्टरही दोन चौकटींच्या मधे पडद्यावर अंधार पाडतोच. तोच मधला अंधार डोळ्याला हालचाल धारदार दाखवतो!

मग एलईडी. रेषा कोरीव, उजेड भरपूर. पण १६:९ च्या रुंद पडद्यावर मूकपटाच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या उरल्या आणि अंधाऱ्या खोलीत त्या पट्ट्या चक्क राखाडी चमकायला लागल्या. कारण कळलं तेव्हा उडालोच. हे पॅनेल खरं एलसीडीचंच. एलईडी आहेत ते त्याच्या पाठीमागचे दिवे, आणि काळं दाखवायच्या वेळीही ते जळतच असतात. पुढचे द्रवस्फटिक तो उजेड अडवू पाहतात, पण खिडकीला कितीही जाड पडदा लावा, कडेनं ऊन झिरपतंच. महागड्या संचांत मागचे दिवे गटागटानं मंद होतात म्हणून फरक पडतो. या साध्या संचात मंदाकिनीचे काळेभोर केस धुरकट झाले होते.

आणि मग ओएलईडी! पट्ट्या गेल्या! म्हणजे पडद्यावर होत्या, पण खोलीच्या अंधारात अशा विरल्या की टीव्हीची कडच सापडेना. भिंतीच्या मध्यावर फक्त १९१९ सालची एक उजळ चौकट तरंगत होती. या पडद्याला मागून दिवा नाहीच. ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा. काळं हवं तिथं तो दिवा चक्क विझतो. गंमत बघा, आजच्या ओएलईडीचा पाया घालणारं संशोधन १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी, आणि ते दोघे होते कोडॅकमध्ये. फिल्म बनवणाऱ्या कंपनीत!

भाचा म्हणाला, “मामा, आता हे बघा,” आणि त्यानं रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचा मोबाइलवरचा व्हिडिओ लावला. आई गं! आकाश काळं, गोदावरी काळी, आणि त्या काळ्यात एकेक ज्योत सुटी, तिचं पाण्यातलं थरथरतं सोनं सुटं. तोच व्हिडिओ एलईडीवर पाहिला तर आरतीवर धुकं पसरल्यासारखं. उजेड तोच, ज्योती त्याच; मागचा अंधार गेला आणि सगळा जीव गेला!

मला जे सापडलं ते हे: चित्राचा कस अंधारात लागतो. जुन्या ट्यूबकडे दोन क्षणांमधला अंधार होता, म्हणून तिची हालचाल लख्ख. ओएलईडीकडे दोन ठिपक्यांमधला अंधार आहे, म्हणून त्याची खोली अथांग. हालचालीत मात्र जुनी ट्यूब अजून पुढे, कारण नवा पडदा प्रत्येक चौकट पुढची येईपर्यंत धरून ठेवतो आणि सरकत्या नजरेला ती किंचित पुसट दिसते. भर दुपारी, खिडक्या उघड्या असताना, ताईच्या घरात एलईडीच सरस ठरला, हेही सांगायलाच हवं.

तेव्हा टीव्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या झगमगाटात लावलेल्या भडक फुलांवर भाळू नका. रात्रीचं दृश्य लावायला सांगा, जमलं तर दिवे कमी करायला सांगा आणि चित्रातला सगळ्यात काळा कोपरा बघा. घरी आणल्यावर ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘सिनेमा’ करा. आणि माळ्यावरचा जुना टीव्ही चालू असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यावर एक मूकपट लावाच. फाळक्यांची मंदाकिनी त्या काचेवर कशी हसते, ते एकदा डोळ्यांनी बघा!