शेजारचे बाबाजी

निफाडच्या द्राक्षबागेत मी वाढलो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी दोन्ही हातात बसलेल्या. त्यामुळे २००९ साली न्यूझीलंडमध्ये, टौरंगातल्या घरामागे हेवर्ड जातीच्या किवीचा वेल लावला, तेव्हा कुणाला काही विचारावं असं वाटलंच नाही.

दर हिवाळ्यात मी काड्या दोन डोळ्यांवर आणायचो. मांडव पानांनी भरायचा, पण फूल एक नाही. एका वर्षी छाटणी राहून गेली आणि नोव्हेंबरात वेल पांढऱ्या फुलांनी डवरला. सगळी फुलं गळाली.

त्याच सुमारास शेजारी पंजाबी कुटुंब राहायला आलं. घरातले आजोबा, सगळ्यांचे बाबाजी, टी पुकेच्या किवीबागांत कित्येक वर्षं राबलेले. दोन दिवस ते कुंपणापलीकडून बघत होते. तिसऱ्या दिवशी आत आले, एक फूल तोडून तळहातावर धरलं. "पुत्तर, ये तो सब मादा हैं।"

मला पटेना. फुलात पुंकेसर दिसत होते. त्यातले पराग निर्जीव असतात आणि किवीत नर-मादी वेल निराळे, हे त्यांनी समजावलं. द्राक्षाच्या एकाच फुलात दोन्ही असतं. तेच मी धरून बसलो होतो. छाटणीचंही तसंच. किवीचं फळ गेल्या वर्षीच्या काडीतून निघालेल्या नव्या फुटीवर धरतं, म्हणून काडी लांब ठेवायची. बुडाशी आखूड छाटून मी दरवर्षी फुलांचे डोळेच कापत होतो.

एखाद्या बागेतून नराची काडी आणू या, असं मी म्हटलं. बाबाजी गप्प झाले. मग सांगू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये टी पुकेत पीएसए हा जिवाणूंचा रोग सापडला. सोनेरी गराच्या किवीला त्याचा फार मोठा तडाखा बसला. ज्या वेलांना हाताने वळण लावलं, तेच त्यांना करवतीने बुंध्याशी कापावे लागले होते. "काडी इधर की उधर नहीं ले जाते," एवढंच म्हणाले. आम्ही नर्सरीतून नराचं रोप आणलं.

२०१६ च्या नोव्हेंबरात नर फुलला. बाबाजींचे हात तेव्हा थरथरायचे. खुर्चीत बसून त्यांनी माझ्याकडून करून घेतलं: नराचं एक फूल खुडायचं, पाचेक मादीफुलांवर हलकेच फिरवायचं. या फुलांत मध नसतो, मधमाश्यांच्या भरवशावर राहू नको, म्हणाले. मे महिन्यात फळं उतरवली. लगेच एक कापलं तर दगडासारखं, आंबट. माझा चेहरा पडला. बाकीची त्यांनी सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत ठेवायला लावली. काही दिवसांत ती मऊ झाली.

पहिलं गोड फळ खाल्लं त्या रात्री मी वडिलांना फोन केला. "दादा, किवी आली. आपल्या बागेतलं शिक्षण कामी आलं." बाबाजींचा उल्लेखही केला नाही. त्यांना कळलं असतं तरी ते रागावले नसते. म्हणूनच ते वाक्य आजही टोचतं.

दोन वर्षांनी बाबाजी गेले. पुढच्या हिवाळ्यात कात्री घेऊन मांडवाखाली उभा राहिलो. कुठली काडी ठेवू, हे विचारायला मान आपोआप कुंपणाकडे वळली. त्या संध्याकाळी दादांना खरं ते सगळं सांगितलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग विचारलं,

"त्यांच्या घरी फळं पोचवतोस ना रे?"